हलकी बंदूक, जड धक्का

शिकार बंद होऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली, पण शिकारीच्या गप्पा बंद करणारा कायदा अजून कुठल्याही सरकारला जमलेला नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर लग्नाच्या पंगतीतही हा विषय निघतो. जिलबी वाढून होईतो एक वाघ पडलेला असतो आणि मठ्ठा येईतो दुसरा जखमी होऊन नाल्यात शिरलेला असतो.

या मंडळींत अलीकडे एक नवी जात निघाली आहे : 'हलकी रायफल'वाल्यांची. आमचे एक भाऊजी त्यातलेच. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची, परवान्याची, इशापूरच्या सरकारी कारखान्यातली पॉइंट तीनशे पंधराची रायफल आहे. ती त्यांना जड वाटते. नळी कापायची, दस्ता अक्रोडाचा बसवायचा, चौथाई वजन उतरवायचं आणि नेम मात्र असा करायचा की शंभर यार्डांवर लिंबाच्या मधोमध भोक पडावं. असा कारागीर ते शोधताहेत. दस्त्याला साग नको म्हणतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना २०२३ साली इथलाच साग गेला, पण भाऊजींच्या खांद्याला तो चालत नाही!

बंदुकीचे कारागीर माझ्या मते तीन प्रकारचे. पहिला लंडनच्या नावांवर जगतो. पर्डी, रिग्बी, कलकत्त्याची मँटन अशी नावं घेत तो तुम्हाला चहा पाजतो आणि तुमचं काम 'पुढच्या महिन्यात' करतो. दुसरा कशालाही 'होऊन जाईल' म्हणतो. नळी चार बोटं कापू? होऊन जाईल. चाप फुंकरीनं सुटेल असा हलका करू? होऊन जाईल. विनापरवाना नळी आखूड करणं हा शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमाखाली गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक नसतं किंवा फार चांगलं ठाऊक असतं. दोन्ही वेळा तुरुंगात तुम्हीच.

तिसरा खेकसतो. भाऊजींबरोबर मी गेलो तो म्हातारा या तिसऱ्या जातीचा होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "वजन काढून देतो न जी. पण जो धक्का आजवर बंदूक खात होती, तो आता तुमाले खा लागन."

भाऊजी रागावले, पण म्हाताऱ्याचं गणित पक्कं होतं. काडतूस तेच ठेवून बंदुकीचं वजन चौथाईनं उतरवलं, तर धक्क्याचा जोर सुमारे एक तृतीयांशानं वाढतो. दोनचार धक्के खाल्ले की खांदा शहाणा होतो आणि चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतात. बारीक नळी तीनचार बारांत तापते आणि गोळी भलतीकडे सरकते. त्यात आपला पाऊस! लाकूड फुगून नळीला टेकलं, की वैशाखात जुळवलेला नेम आषाढात हुकतो. म्हणून जाणता कारागीर नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागद सरकेल एवढी फट ठेवतो. त्याच्याकडे चौकटीत लावलेला एक सुंदर निशाणाचा कागद मागू नका. लागोपाठचे पाच मागा. एक कागद कुणाचाही चांगला येतो. माझ्याही परीक्षेचा एक आला होता.

तुम्ही म्हणाल, हौसेला मोल नसतं. असतं. फक्त ते हौशी माणूस मोजत नाही. पूर्वी साहेबाची बंदूक जंगलात वाहायला बहुधा गोंड नाहीतर माडिया गडी असायचा, त्यामुळे वजन त्याचं आणि फोटो साहेबाचा. नेम चुकला की वाटणी पुन्हा तशीच. साहेब डाक बंगल्यावर आणि जखमी वाघ गावाच्या वाटेवर. कुमाऊंमधल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी सांगतात. जिम कॉर्बेटनं १९०७ साली तिला मारलं, तेव्हा तिचे एका बाजूचे सुळे मोडलेले दिसले. जुन्या गोळीची जखम, असा त्याचा निष्कर्ष होता. कुणाचा तरी नेम एका वितीनं चुकला होता. तो माणूसही कुठल्यातरी पंगतीत 'थोडक्यात वाचली' असं सांगत असेल!

म्हणून अचूक बंदूक ही चैन नाही असं मी मानतो. पण ती हवी कुणाच्या हातात? वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली, १९७२ साली वन्यजीव कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकारही संपली. पिकात शिरणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते. नरभक्षकाला आधी जिवंत पकडून बघा, असं कायदा सांगतो. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेला सीटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात पकडला, तोही गुंगीचं इंजेक्शन मारून. चैत्रात मोहफुलं वेचायला आणि वैशाखात तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात शिरणाऱ्या बायांचा जीव अशा नेमावर टांगलेला असतो. त्यांना माणसं हवीत, वेळेवर पोचणारी गाडी हवी, सरपणाऐवजी गॅस हवा. भाऊजींची अक्रोडी रायफल त्यांच्यापैकी कुणीच मागितलेली नाही.

तेव्हा ज्यांना कारागीर निवडायचाच आहे, त्यांना माझा सल्ला एवढाच : जो पहिल्यांदा 'कायले पायजे?' विचारतो, तो तुमचा. त्याच्याकडून ढिले स्क्रू आवळून घ्या, नळी साफ करून घ्या, रीतसर परवानगी असलेल्या मैदानावर कागदावर निशाण लावा, आणि घरी आणून कुलूप घाला. म्हाताऱ्यानं आमचं एवढंच काम केलं आणि तेलपाण्याचे तेवढे पैसे घेतले. वजन मात्र उतरवायला सांगितलं ते भाऊजींचं.