टू-स्ट्रोकचं तेल: थोडं कमी, थोडं जास्त?

मंडळी, घराच्या जिन्याखाली आजोबांची येझ्दी किंवा बाबांची आरएक्स 100 झाकून ठेवली असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी. चेन्नईत पुदुपेटच्या जुन्या पार्टच्या बाजारात या गाड्यांचे भाग शोधणारे लोक अजूनही दिसतात. म्हैसूरला बनणारी येझ्दी आणि आरएक्स 100, दोघींचं उत्पादन 1996 साली थांबलं. मद्रासच्या एन्फिल्डनेही एक्सप्लोरर, फ्युरी अशा टू-स्ट्रोक गाड्या काढल्या होत्या.

या इंजिनात क्रँकखाली तेलाचा साठा नसतो. पेट्रोलसोबत आलेलं तेलच बेअरिंग आणि पिस्टनला वंगण देतं आणि शेवटी जळून जातं. म्हणून कारचं इंजिन ऑइल इथे चालत नाही. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं टूटी ऑइलच घ्या.

येझ्दीत तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. हिशेब सोपा आहे. 25:1 म्हणजे लिटरला 40 मिली, 33:1 म्हणजे 30 मिली, 50:1 म्हणजे 20 मिली. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतलं प्रमाण पहिलं धरा. अंदाजाने बाटली उपडी करू नका. मापाच्या भांड्याने तेल मोजा, वेगळ्या कॅनमध्ये पेट्रोलसोबत चांगलं हलवा आणि मगच टाकीत ओता.

“जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित” हा गैरसमज आहे. जेटमधून येणाऱ्या मिश्रणात तेल वाढलं की पेट्रोलचा वाटा घटतो. वर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचते. तेल कमी पडलं तर मात्र पिस्टन सिलिंडरला धरतो. प्लग काढून बघा: कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, काळा-ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर धोका.

आरएक्स 100 मध्ये तेलाची वेगळी टाकी आणि पंप असतो. पंपाची केबल थ्रॉटलसोबत ओढली जाते. पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत पंपावरच्या खुणा जुळतात का, ते मेकॅनिककडून बघून घ्या. तेलाची टाकी कधी पूर्ण रिकामी झाली असेल, तर नळीतली हवा काढल्याशिवाय गाडी चालवू नका. तोवर पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालवणं शहाणपणाचं.

येलगिरीच्या 14 वळणांवरून उतरताना एक लक्षात ठेवा. थ्रॉटल बंद आणि गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन जोरात फिरतं, पण तेल फारसं पोचत नाही. अधूनमधून थोडा थ्रॉटल द्या. चालताना इंजिन अचानक जड झालं, तर लगेच क्लच दाबा. मागचं चाक अडकून पडण्याचा धोका तिथेच टळतो.

आणि हो, आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. चेन्नईची दमट हवा, त्यात ऑक्टोबर-डिसेंबरचा पाऊस. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकीत मिश्रण ठेवू नका आणि पेट्रोलचा कॉक बंद करा.