मायदेशाने बोलावलं, पुढे काय?

इस्राएलमध्ये मराठी बोलणारी माणसं आहेत, तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं, अशी रील आमच्या जळगावच्या ग्रुपवर अधूनमधून येतेच. खाली ‘जय महाराष्ट्र’ची रांग. मला या कौतुकाचा राग येतो, कारण त्यात अर्धी गोष्ट कापलेली असते.

कोकणातले बेने इस्राएली, गावाच्या भाषेत शनवार तेली, १९४८ नंतर तिकडे जाऊ लागले. इथून त्यांना कुणी हाकललं नव्हतं, हे लक्षात घ्या. ज्यूंचं हक्काचं घर, एवढ्या शब्दावर ते गेले. तिथे कामाला, घराला रंग आडवा आला. काळ्यांनी काळा पाव खावा, असं ऐकवलं गेल्याची त्यांची तक्रार होती. १९५१ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या दारात ठिय्या दिला: आम्हाला भारतात परत पाठवा. १९५२ मध्ये शंभरावर माणसं परत आली. त्यातली काही पुढे पुन्हा इस्राएललाच गेली, हेही खरं. म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. १९६२ मध्ये तर तिथल्या प्रमुख रब्बींनी फर्मान काढलं की यांचं लग्न लावण्याआधी आई-आजी-पणजी ज्यू होती का ते तपासा. बोलावताना कुणी पणजी विचारली होती? आंदोलन झालं, तेव्हा १९६४ मध्ये संसदेला जाहीर करावं लागलं की हे पूर्ण ज्यूच आहेत.

यांना निदान ठिय्या तरी देता आला. १९५९ ते १९८४ मध्ये जपानमधले सुमारे ९३,००० कोरियन आणि त्यांचे जपानी कुटुंबीय ‘पृथ्वीवरचा स्वर्ग’ या प्रचाराला भुलून उत्तर कोरियाला गेले. बहुतेकांचं मूळ गाव दक्षिणेत, म्हणजे तो मायदेशही उसना. तिथून परतीचं जहाज नव्हतं.

हे लांबचं वाटत असेल तर जळगावातच बघा. पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं इथे वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. भाषणात ती ‘आपली माणसं’. नागरिकत्वाचा सुधारित कायदा डिसेंबर २०१९ मध्ये झाला, नियम यायला मार्च २०२४ उजाडला. आणि ३१ डिसेंबर २०१४ नंतर आलेला माणूस त्यात बसतच नाही. त्याला जुन्याच लांब रांगेत उभं राहायचंय. जानेवारी २०१५ मध्ये सीमा ओलांडलेल्या बाईला ही तारीख कशी समजवायची, ते त्या भाषणवाल्यांनी एकदा इथे येऊन तिलाच सांगावं.