रँकिंगची पत्रिका

दर फेब्रुवारी-मार्चमध्ये ॲडमिट यायला लागले की मला एकच प्रश्न येतो. "दादा, ही २२वी आहे, ती ५७वी. २२वीच घ्यावी ना?" ना कोर्सेस बघितलेले, ना फी, ना तिथे शिकवतं कोण. स्थळ बघताना नुसते गुण जुळवायचे आणि मुलगा करतो काय ते विचारायचंच नाही, तसला हा प्रकार!

तर मंडळी, आधी हा आकडा येतो कुठून ते बघू. यूएस न्यूजचं कम्प्युटर सायन्सचं ग्रॅज्युएट रँकिंग निव्वळ मतांवर ठरतं. विभागप्रमुख वगैरे लोकांना फॉर्म जातो, त्यांनी इतरांना १ ते ५ मार्क द्यायचे. सरासरी काढली, उतरत्या क्रमाने लावली, झालं रँकिंग. आता शेकडो मैलांवरच्या विभागात वर्ग कसे चालतात हे त्यांना काय डोंबल माहीत असणार? नाव ऐकलेलं असतं, त्याला मार्क. इंजिनिअरिंगच्या एकत्रित यादीत संशोधनावरचा खर्चही धरतात. पण थीसिस न करता दीड-दोन वर्षांत कोर्सेस उरकून बाहेर पडणाऱ्याला त्या लॅबचं दारसुद्धा दिसत नाही.

शिवाय विद्यापीठं स्वतःच आकडे भरून पाठवतात. कोलंबिया विद्यापीठ यूएस न्यूजच्या (बॅचलर्सच्या) यादीत दुसरं होतं. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी ते आकडे तपासून प्रश्न उभे केले. सप्टेंबरमध्ये कोलंबियाने काही आकडे चुकल्याचं मान्य केलं आणि नंबर थेट १८वर आला. त्या सहा-सात महिन्यांत वर्ग तेच, मास्तर तेच, फळेही तेच. मग नक्की काय घसरलं?

रँकिंगला अजिबात किंमत नाही असं मी म्हणत नाही. पीएचडी करून अमेरिकेत प्राध्यापक व्हायचं असेल तर नावाला किंमत आहे, आणि ती क्रूर आहे. 'नेचर'मधल्या २०२२ च्या अभ्यासानुसार तिथले ८० टक्के प्राध्यापक जेमतेम २० टक्के विद्यापीठांतून आलेले आहेत. ब्रिटनचा २०२२ चा हाय पोटेन्शिअल व्हिसाही रँकिंग बघूनच देतात.

पण तुम्हाला एमएस करून नोकरी करायचीय ना? ओपीटीचे १२ आणि स्टेमचे २४ महिने २२व्यालाही तेवढेच, ५७व्यालाही तेवढेच. एच-१बीच्या मास्टर्सवाल्या २० हजारांच्या कोट्यासाठी विद्यापीठ मान्यताप्राप्त आणि सरकारी किंवा ना-नफा लागतं. रँक कोणी विचारत नाही.

आता खिशाकडे या. वरच्या रँकसाठी समजा ३० लाख जास्त कर्ज काढलं. १० टक्के व्याज, १० वर्षं: महिन्याला जवळपास ४० हजारांचा जादा हप्ता. व्हिसाची लॉटरी लागली नाही आणि पुण्याला परत यावं लागलं तर हा हप्ता रुपयांतल्या पगारातून जाणार. तारण बहुतेकदा बाबांचा फ्लॅट. यूएस न्यूजवाले काही हप्ता भरायला येणार नाहीत :-)

मग बघायचं काय? तुमचा विषय. युटा विद्यापीठ एकूण यादीत पहिल्या दहात सहसा नसतं. पण कम्प्युटर ग्राफिक्सचा पाया जिथे घातला गेला त्यातलं ते एक ठिकाण. पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी १९७४ मध्ये तिथेच पीएचडी केली. तेव्हा विभागाच्या पानावर जा. हव्या त्या विषयाचे कोर्सेस येत्या दोन सेमिस्टरमध्ये खरंच आहेत का, टीए-आरए एमएसवाल्यांना मिळतात का, इंटर्नशिपला आसपास कंपन्या आहेत का, ते बघा. लिंक्डइनवर गेल्या दोन बॅचमधली दहा मुलं शोधा आणि सरळ मेसेज टाका. दहातली तीन तरी उत्तर देतात.

एवढं करायला एक शनिवार-रविवार पुरतो. दहा वर्षांच्या हप्त्यापुढे तो काहीच नाही. आणि "शेजारच्या काकूंना कोणतं विद्यापीठ सांगू?" हा आईचा प्रश्न असेल, तर त्यांना नुसतं "अमेरिकेत" सांगा. काकूंना तेवढं पुरतं.