जॅमच्या बिस्किटाची वांटणी

आमच्या नांदेड-लातूरकडील एकत्र कुटुंबांत मुलांना खाऊ वांटण्याचें काम बहुधा आजीकडे असतें, आणि तिच्या न्यायबुद्धीविषयीं कोणी शंका घेत नाहीं. लाडू फोडतां येतो, दशमीचे चतकोर करतां येतात. पार्लेचें बिस्किट तर मधोमध मोडण्यासाठींच केलें असावें! हैद्राबादेहून येणारीं उस्मानिया बिस्किटेंहि चहांत बुडवून निमूटपणें संपत. परंतु ब्रिटानियाचें ‘जिम जॅम’ घरांत आल्यापासून हा न्याय डळमळूं लागला आहे.

दोन गोल चकत्या, मध्यें सायीसारखा गोड थर, वरच्या चकतीच्या छिद्रांतून डोकावणारा लाल, चिकट जॅम आणि वर साखरेचे कण. मोडावें तर जॅम एकाच बाजूस ओढला जातो. म्हणून मुलें दोन्ही चकत्या अलग करितात. थोरला जॅमची चकती आपल्याकडे ठेवितो आणि कोरडी धाकट्याच्या हातावर ठेवून ‘अर्धें दिलें’ म्हणून सांगतो. हिशेबानें तें खरेंच. म्हणून आजी निरुत्तर होते.

इंग्लंडांतील याच जातीच्या बिस्किटास ‘जॅमी डॉजर’ म्हणतात. ‘बीनो’ या मुलांच्या चित्रपत्रांत १९५३ पासून येणाऱ्या रॉजर द डॉजर नांवाच्या कामचुकार, युक्तिबाज पोरावरून तें नांव पडलें. नांव ठेवणारानें आमचा थोरला पाहिला होता कीं काय, न कळे! तिकडील ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या २०१० मधील एका भागांत तर नायक हेंच बिस्किट हातांत धरून, ‘ही आमचें यान उडवून देण्याची कळ आहे’ अशी शत्रूस धमकी देतो, आणि शत्रू कांहीं वेळ फसतो.

आपल्याकडे बिस्किटानें याहून मोठा स्फोट केलेला आहे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा-बिस्किटें पुढें आलीं आणि ग्रामण्य उभें राहिलें, न्या. रानडे व लो. टिळक यांनाहि प्रायश्चित्त चुकलें नाहीं. आज सोंवळ्याची आजी पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहते आणि पुडा फोडूं देते. वाद उरला तो जॅमचा.

आम्हांस विचाराल तर एकानें बिस्किट उघडावें व दुसऱ्यानें चकती निवडावी. हा नियम लावल्यास थोरला तें उघडणारच नाहीं, हें आम्ही जाणतों. तेव्हां माणशीं एक अख्खें पुरत नसेल, त्या दिवशीं पुडा फडताळांतच राहूं द्यावा आणि गुळांब्याची बरणी काढावी. तो चमच्यानें मोजतां येतो.