शुगरच्या वहीतला रिकामा रकाना

"डॉक्टर, बाबांची आठवड्याची सरासरी १०७ आली. गोळी कमी करा ना!" लोणंदच्या एका पेशंटच्या मुलाने मोबाईलवर उपाशीपोटीच्या शुगरचा तक्ता दाखवला. १४८, १५२, १४४, १५०, १५६. उरलेले दोन दिवस तपासलंच नव्हतं, तिथे त्याने शून्य भरलं होतं. बेरीज ७५०, भागिले ७! अहो, शून्य शुगरचा माणूस जिवंत असतो का? पाचने भागा, १५० येतात. बहुतेक मधुमेहींना ८० ते १३० मध्ये राहायचं असतं. गोळी कशी कमी करू?

संख्याशास्त्रातली 'आर' ही संगणकभाषा आपल्यापेक्षा प्रामाणिक. न मोजलेल्या जागी तिच्यात 'एनए' लिहितात. सरासरी विचारली की उत्तरही 'एनए'च येतं. ते दिवस वगळायचे तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. एक्सेल मात्र रिकामा रकाना गुपचूप वगळतं.

पण वगळूनही भागत नाही. ते दोन दिवस लग्नाच्या जेवणानंतरचे होते, म्हणूनच तर बोटाला सुई टोचली नाही! खरी सरासरी १५० च्या वरच असणार.

रकाना रिकामाच ठेवा, शेजारी कारण लिहा. मी रागावणार नाही. एचबीए१सी केली की दोन-तीन महिन्यांचा अंदाज कळतोच, आणि त्यात लग्नाचं जेवणही असतं.