रिकामा राहिलेला रकाना

सप्टेंबरच्या १७ तारखेस मराठवाड्याच्या गावोगावी ध्वजारोहण होते, हुतात्म्यांच्या स्मारकांना पुष्पहार अर्पण होतात, आणि १९४८ साली त्या दिवशी निजामाची राजवट संपून आपला मुलूख भारतात सामील झाला याचे कृतज्ञ स्मरण केले जाते. आपल्या मंडळात नांदेड आणि लातूरकडून आलेली जी कुटुंबे आहेत त्यांनी हा दिवस येथे इंग्लंडातही निष्ठेने पाळला आहे, आणि वार्तापत्राचा हा अंक त्याच निमित्ताने निघत असल्यामुळे संपादकीयात मुक्तिसंग्रामाचा गौरव वाचावयास मिळेल अशी वाचकांची अपेक्षा असणार. तो गौरव आमच्या मनात अणुमात्र उणा नाही. परंतु ज्या प्रदेशावर आपण प्रेम करतो त्याच्या दप्तरातील एक रकाना वर्षानुवर्षे रिकामा राहिला असेल, तर त्याविषयी बोलण्यास अशा स्मरणाच्या दिवसाइतका उचित दिवस दुसरा नाही, असे आम्हांस वाटते.

निजामाची राजवट टिकविण्यासाठी उभ्या राहिलेल्या रझाकारांच्या काळाची आठवण आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबांच्या मुखातून उतरली आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचाच वकील. त्याच्या टोळ्यांनी खेडी जाळली, खंडण्या उकळल्या, माणसे मारली, आणि निजामाच्या सरकारने त्यांना आवर घातला नाही. भारतात विलीन होण्याचा पुरस्कार करणारे 'इमरोज' पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत हत्या झाली. ते स्वतः मुसलमान होते, तथापि त्यामुळे त्यांचे प्राण वाचले नाहीत. हे सारे स्वातंत्र्यसैनिकांच्या आत्मवृत्तांत, स्मरणिकांत आणि शिलालेखांवर नोंदले गेले आहे, आणि ते योग्यच झाले.

त्या १७ तारखेनंतर पुढील काही आठवड्यांत याच मुलखात जे घडले त्याची मात्र अशी नोंद झाली नाही, किंवा अधिक नेमके बोलावयाचे तर नोंद झाली आणि ती मिटून ठेवण्यात आली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचे एक सद्भावना मंडळ भारत सरकारच्या इच्छेवरून २९ नोव्हेंबर १९४८ रोजी हैदराबादेत दाखल झाले आणि २१ डिसेंबरला दिल्लीस परतले. हैदराबाद संस्थानच्या सोळा जिल्ह्यांपैकी नऊ जिल्हे, सात जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे, २१ नगरे आणि २३ मोठी खेडी त्यांनी पायाखाली घातली, आणि जेथे जाणे झाले नाही अशा १०९ खेड्यांतील पाचशेहून अधिक माणसांच्या जबान्या घेतल्या. अल्पसंख्य मुसलमानांच्या कत्तलीत, अगदी सावधपणे अंदाज केला तरी, २७ ते ४० हजार माणसे गेली असावीत, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या सर्वांत अधिक पोळलेल्या चार जिल्ह्यांतच किमान १८ हजार, असा त्यांचा निष्कर्ष होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. धनाढ्य कच्छी व्यापाऱ्यांच्या त्या पेठेत वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू राहिल्या. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरलेले या मंडळाला आढळले, हजाराहून अधिक मारले गेले होते, आणि बाकीचे सर्वस्वास मुकून केवळ प्राणांनिशी निघून गेले होते.

हा अहवाल एकांगी नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यात रझाकारांच्या अत्याचारांची दखल आहे, भारतीय सैन्याच्या सर्वसाधारण शिस्तीची प्रशंसा आहे आणि जेथे ती शिस्त मोडली तेथील उल्लेखही आहेत. आणि ज्या भागासाठी आम्ही तो पुन्हा पुन्हा वाचतो तो भाग असा, की समान व्यवसायाच्या माणसांत बंधुभाव विशेष दिसून आला, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण करताना प्रसंगी स्वतःचे प्राणही वेचले, आणि पळवून नेलेल्या मुसलमान स्त्रियांना परत मिळविण्याच्या कामी पुष्कळ हिंदूंनी साहाय्य केले. ज्यांचा अभिमान आपण सर्वांनी मिळून बाळगावयाचा ती ही माणसे! अहवाल दडपला गेला तेव्हा अपराध्यांबरोबर या विणकरांचीही साक्ष दडपली गेली. सरदार पटेलांना तो अहवाल मान्य नव्हता. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. काही उतारे अभ्यासकांच्या ग्रंथांतून अधूनमधून बाहेर आले, आणि सामान्य वाचकाला तो संपूर्ण हाती लागावयास २०१३ साल उजाडावे लागले. मधल्या पासष्ट वर्षांत प्रत्यक्ष पाहणारी पिढी निवर्तली, गावागणिक फेरतपासणी करण्याची संधी हातची गेली, आणि सत्याच्या जागी प्रत्येक पक्षाने आपापला आकडा आणि आपापली दंतकथा प्रतिष्ठित केली. शांततेच्या हेतूने हे केले असे म्हणतात. त्या हेतूविषयी शंका न घेताही आमचे मत असे आहे की तो निर्णय चुकीचा होता.

याच मातीत तीस वर्षांनी दुसरी परीक्षा आली. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला, आणि त्यानंतरच्या दिवसांत दलितांच्या वस्त्यांवर जो वणवा फिरला त्याची झळ नांदेड जिल्ह्याला सर्वाधिक बसली. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची ४ ऑगस्टला अमानुष हत्या झाली. घरे जळाली, माणसे गावे सोडून निघाली, आणि ज्यांचा विद्यापीठाशी कधी संबंध आला नव्हता अशा भूमिहीन शेतमजुरांना एका नावाचे मोल चुकवावे लागले. या वेळी नोंद ठेवली ती मुख्यतः कार्यकर्त्यांनी: अत्याचारविरोधी समितीने गावोगाव फिरून सिद्ध केलेला वृत्तान्त १९७९ साली मुंबईच्या एका मान्यवर इंग्रजी साप्ताहिकात छापून आला, आणि आजही त्या काळाचा अभ्यास करणाऱ्यास त्याच्यावाचून गत्यंतर नाही. पुढे नामांतराच्याच मागणीसाठी गौतम वाघमारे यांनी २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये आत्मदहन केले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि त्यास मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव लाभले.

१९४८ आणि १९७८ या दोहोंमधील फरक पाहण्यासारखा आहे. १९७८ च्या आणि तत्सम अनेक अत्याचारांचा वृत्तान्त लोकांसमोर उघडपणे आला म्हणून त्यावर वाद झाले, आणि १९८९ साली संसदेने अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा केला. त्या कायद्याने केवळ शिक्षा वाढविल्या नाहीत, तर नोंदीची एक रीत घालून दिली. तपास उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावा, पीडितास ठरावीक टप्प्यांनी अर्थसाहाय्य मिळावे, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने दर तीन महिन्यांतून निदान एकदा बसून प्रत्येक प्रकरणाचा आढावा घ्यावा, असे १९९५ चे नियम सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या वार्षिक ग्रंथात अनुसूचित जातींवरील ५७,५८२ गुन्हे दाखल दिसतात. ही संख्या लज्जास्पद आहे खरी, पण ती आहे, छापली जाते, आणि तिच्याकडे बोट दाखवून सरकारला जाब विचारता येतो. उणिवा तेथेही आहेत. २००६ च्या खैरलांजी हत्याकांडात भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने खुनाचा दोष सिद्ध मानला, परंतु या कायद्याची कलमे लागू धरली नाहीत. एका दलित कुटुंबाचा संहार जेथे डोळ्यांसमोर होता तेथेही द्वेषाचे कारण अभिलेखात टिकले नाही, यावरून फिर्यादीचा पहिला कागद किती काळजीने लिहावा लागतो हे ध्यानात येईल.

धर्माच्या कारणाने एखाद्याला मारहाण झाली, त्याचे दुकान जाळले गेले, वा जमावाने त्याचा जीव घेतला, तर मात्र त्या ग्रंथात त्यासाठी निराळा रकाना नाही. दंगलीचा गुन्हा दंगलीत मोडतो आणि खून खुनात. कोणावर, हे आकड्यांतून पुसले जाते. २०१७ साली जमावहत्या आणि द्वेषजन्य गुन्हे यांची माहिती गोळा करण्याचा प्रयत्न झाला होता. पण या गुन्ह्यांची व्याख्याच नसल्याने ती माहिती विश्वसनीय नाही असे म्हणून तो सोडून देण्यात आला. व्याख्या नसेल तर ती करावी, असा सरळ मार्ग असताना मोजणीच थांबविणे हे आम्हांस पटत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ (२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी स्वतंत्र तरतूद झाली आहे. ती स्वागतार्ह आहे. पण 'धर्म' हा शब्द त्या यादीत स्पष्टपणे नाही, आणि खुनाच्या अलीकडे राहणारी धमकी, बहिष्कार, जाळपोळ ही सारी तिच्या कक्षेबाहेर आहेत.

आमच्या प्रशासनाला अशी नोंद ठेवण्याचे काम झेपणार नाही असे कोणी म्हणेल तर त्याने लातूर जिल्ह्याचेच उदाहरण आठवावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, आणि त्यानंतर तलाठ्यांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंतच्या महसुली यंत्रणेने ढिगाऱ्यांत उभे राहून मृतांच्या याद्या केल्या, पडक्या घरांचे पंचनामे केले, आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविली. जे दप्तर पडलेल्या भिंतीची नोंद घेऊ शकले, ते पाडलेल्या भिंतीचीही घेऊ शकेल. तेथे उणीव कौशल्याची नसून आज्ञेची आहे.

आपण ज्या देशात राहतो त्यालाही ही आज्ञा सहजासहजी सुचली नाही. १९९३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या बसथांब्यावर स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला, पोलिसांनी तपासात अक्षम्य हेळसांड केली, आणि त्याच्या आईवडिलांच्या अविश्रांत झगड्यातून चौकशी होऊन १९९९ च्या फेब्रुवारीत मॅकफर्सन अहवाल आला. पीडितास किंवा अन्य कोणासही जी घटना वंशद्वेषाची वाटेल ती पोलिसांनी तशी नोंदलीच पाहिजे, हा त्या अहवालाचा मुख्य दंडक. नोंद म्हणजे दोषसिद्धी नव्हे. आरोप खरा की खोटा ते पुढे पुराव्याने ठरते. परंतु ठाण्यातील अंमलदाराच्या लहरीवर कागद अवलंबून राहत नाही, ही त्यातील मोठी गोष्ट आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२४ च्या मार्चअखेरच्या वर्षात १,४०,५६१ द्वेषजन्य गुन्हे नोंदले गेले, त्यांपैकी ९८,७९९ वंशद्वेषाचे. हा आकडा पाहून हा देश आपल्या देशाहून अधिक द्वेष्टा आहे असा निष्कर्ष काढणे चूक होईल, कारण जेथे मोजतात तेथेच आकडा दिसतो.

२०२४ च्याच ऑगस्टात येथील शहरांत दंगे उसळले तेव्हा आपल्या गणेशोत्सवाच्या तालमी काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या, आणि रस्त्यात शिव्या खाव्या लागलेल्या आपल्या भगिनींपैकी बहुतेकींनी, 'कशाला उगाच पोलिसांचे लचांड', असे म्हणून तक्रार केली नाही. त्यांच्या भीतीला आम्ही दोष देत नाही. नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत किंवा लातूरच्या एखाद्या गल्लीत राहणाऱ्या माणसाची भीती याहून कितीतरी अधिक असते, कारण ज्याच्याविरुद्ध फिर्याद द्यावयाची तो त्याच गावात, बहुधा त्याच्याहून बलिष्ठ होऊन राहत असतो. त्या बोंढार हवेलीत आंबेडकर जयंतीच्या वादातून २०२३ च्या जूनमध्ये एका बौद्ध तरुणाचा खून झाला हे सभासदांस ठाऊक आहे. जुन्या जखमा कशाला उकलता, असा प्रश्न या संपादकीयावरही येईल. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांनी तो कधी विचारलेला आमच्या ऐकिवात नाही.

येथे आपण अल्पसंख्य आहोत आणि तिकडे आपल्यापैकी बहुतेक जण बहुसंख्यांत मोडतात. येथे जो न्याय आपण हक्काने मागतो तो तिकडे दुसऱ्यास मिळावा अशी मागणी आपण केली नाही, तर येथील आपल्या मागणीस नैतिक आधार उरत नाही. म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही पुढील विनंती ठेवीत आहोत. नांदेड व लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना मंडळाने सविनय पत्र पाठवून दक्षता समितीच्या त्रैमासिक बैठकांचे गोषवारे, पीडितांची नावे वगळून, नियमाने प्रसिद्ध करण्याची मागणी करावी, आणि धर्मद्वेषाच्या गुन्ह्यांसाठी वार्षिक ग्रंथात स्वतंत्र रकाना असावा असे निवेदन आपापल्या मतदारसंघांच्या खासदारांकडे नातेवाइकांमार्फत पोहोचवावे. ज्यांच्या घरी १९४८ किंवा १९७८ पाहिलेले वडीलधारे अद्याप आहेत, त्यांनी त्यांच्या आठवणी, मग त्या रझाकारांच्या जुलमाच्या असोत, त्यानंतरच्या कत्तलीच्या असोत वा नामांतराच्या दिवसांतील, गाव, महिना आणि सांगणाऱ्याचे वय यांसह लिहून घ्याव्यात. आणि येथे कोणास उपद्रव झाल्यास १०१ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे, तातडीचा प्रसंग असेल तर ९९९ वर, आणि ज्यांना एकट्याने बोलणे अवघड वाटते त्यांनी कार्यकारिणीतील कोणाही सभासदास बरोबर घ्यावे.