बोहारीण परवडली!

जुन्या पातळाच्या बदल्यात पातेले घेताना आमच्या घरातल्या बायका जी मुत्सद्देगिरी दाखवतात, तिचा दहावा हिस्सा जरी आम्ही पुरुषांनी जुनी मोटार देताना दाखवला असता, तरी जुन्या गाड्यांची निम्मी दुकाने ओस पडली असती. बोहारीण दारात बसते. तिच्या पातेल्याचा तळ वाजवून पाहिला जातो, काठाला जर किती यावर तासभर वाद होतो, ती दोनदा टोपली उचलून फाटकापर्यंत जाते आणि दोनदा परत येते. तेच कुटुंब दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडीच्या दुकानात शिरते. तिथला टायवाला पोरगा "काका, तुमची जुनी आम्हीच घेतो ना, वर वीस हजार एक्स्चेंज बोनस!" एवढे म्हणतो, आणि दहा वर्षे पोटच्या पोरासारख्या सांभाळलेल्या गाडीची किल्ली चहाच्या कपाशेजारी जाऊन पडते.

'बोनस' या शब्दाचे आम्हां पगारदारांवर गारूडच आहे. पण हिशेब मांडून पाहा. समजा, तुमच्या गाडीला बाजारात दोन लाख येतात. दुकानदार दोन लाख वीस हजार देतो; तुम्ही खूश. त्याच्याकडची जी गाडी तुम्हाला हवी आहे, ती रोखीने घेणाऱ्याला तो घासाघीस केल्यावर चार लाख साठ हजारांना सोडतो. तुम्हाला मात्र ती पुऱ्या पाच लाखांना पडते, कारण तुमचे सारे लक्ष आपल्या जुन्या गाडीच्या मानपानात गुंतलेले असते. वीस हजार आले, चाळीस हजार गेले. दोन व्यवहार एका ताटात कालवले की कुठला घास कशाचा हे कळत नाही, आणि एक्स्चेंजची सारी कला त्या कालवण्यातच आहे. म्हणून आपल्या जुन्या गाडीचा उच्चार न करता आधी समोरच्या गाडीची रोख किंमत कागदावर लिहून घ्यावी. पोराचा चेहरा उतरतो. उतरू द्यावा.

शिवाय या मधल्या माणसाच्या नफ्यावर जानेवारी २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. दोन खासगी माणसांनी आपापसांत गाडी विकली तर तो लागत नाही. कर नफ्यावर असला तरी तो कुणाच्या खिशातून वसूल होतो, हे दिवाळी अंकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मग शहाणीसुरती माणसे असे का करतात? वेळ नाही म्हणून, असे ती सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. क्लचप्लेटा आता सहा महिन्यांच्या सोबती आहेत, डावे दार एकदा ठोकले गेले आहे, पावसाळ्यात मागच्या पायदानावर पाणी येते, हे गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची आम्हाला लाज वाटते आणि लपवायची भीती वाटते. दुकानदार या दोन्हींतून सोडवतो. तो काही विचारत नाही, आपण काही सांगत नाही. आपले खोटे आपल्या वतीने तो पुढे बोलतो आणि आपण हात धुऊन मोकळे! एक्स्चेंजमध्ये बुडणारे पैसे ही या सोयीची दलाली आहे.

जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ साली त्याला जे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. तिकडे फसव्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. (आपण लिंबू गाडीच्या पुढे टांगतो, ते गाडीलाच लिंबू म्हणतात. फरक एवढाच!) त्याचे म्हणणे असे : चांगली कुठली आणि लिंबू कुठले हे घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक गाडी विकायला काढत नाही. हळूहळू बाजारात लिंबेच उरतात. म्हणजे आपण जो दोष गिळून टाकतो, त्याची किंमत शेजारच्या चांगल्या गाडीला पडते, आणि उद्या आपणच घेणारे होऊन त्या बाजारात जातो.

तिथे काय काय असते ते पाहा. माझ्या एका सहकाऱ्याने आपली गाडी एक्स्चेंजमध्ये दिली तेव्हा मीटरवर ब्याण्णव हजार किलोमीटर होते. दोन महिन्यांनी मेहुण्यासाठी गाडी शोधताना ती मला एका दुकानात भेटली. शाळेच्या फाटकाने ओढलेला ओरखडा रंगाखालीही ओळखू येत होता. मीटर म्हणत होते चोपन्न हजार! माणसाचे वय कमी करणारे औषध अजून निघायचे आहे, मोटारीचे निघाले आहे. मीटर खोटे बोलते, पण ब्रेकच्या पायपट्टीचे झिजलेले रबर आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग खोटे बोलत नाहीत. काचांवर कंपनीच्या खुणा असतात. एकच काच वेगळ्या सालाची दिसली तर ती का बदलली हे विचारावे. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत सांगली-कोल्हापूरकडे ज्या गाड्या पुरात बुडाल्या, त्या सगळ्या भंगारात गेल्या असे कुणाला वाटत असेल, तर त्याने सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. वरचा भाग धुता येतो; आत गुंडाळलेल्या टोकावर गाळाची रेघ राहते. स्टेपनीखालचा खड्डाही असाच बोलका असतो. आणि गाडीत मोगऱ्याच्या सुगंधाचा फार घमघमाट सुटला असेल तर दार उघडे ठेवूनच पुढचे बोलावे.

पैसे गेले तर गेले, पण नावाचे काय? एक्स्चेंज करताना नमुना २९ आणि ३० या कोऱ्या कागदांवर सह्या घेतात, आणि आपण त्या पोस्टाच्या पावतीवर करावी तशा करतो. उत्तरेत एकाने २००७ साली गाडी विकली. ती हातोहात पुढे गेली आणि २००९ साली तिच्याखाली एक जीव गेला. नोंदणीत नाव पहिल्याचेच होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला, की कायद्याने मालक तोच आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. १ एप्रिल २०२३ पासून अधिकारपत्र असलेल्या दुकानदाराकडे गाडी सोपवल्याची नोंद परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर करता येते. मग गाडी पुढे विकली जाईपर्यंत तो मालक मानला जातो. चांगला नियम आहे. पण "तुमचे अधिकारपत्र दाखवा" असे त्या दुकानात म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. विम्यावरचा 'नो क्लेम बोनस' तरी कोण मागून घेतो? पाच वर्षे दावा न केल्याबद्दल गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात मिळणारी ५० टक्के सूट गाडीची नसते, मालकाची असते. दाखला घेतला तर ती पुढच्या गाडीला लावता येते. खरा बोनस हा, आणि नेमका तोच आम्ही दुकानात विसरून येतो!

कर्जाचा बोजा उतरलेला नाही, बदली परगावी झाली आहे, घरात आजारपण आहे, अशांनी खुशाल एक्स्चेंज करावे. त्यांच्याशी माझे भांडण नाही.

बाकीचे म्हणतात, "दोष सांगितले तर गाडी घेणार कोण?" माझी गावातल्या एका वायरमनने घेतली. मी रेघी कागदावर सात दोष लिहून तो कागद आतून काचेला चिकटवला होता. त्याआधी तिघांनी तो वाचून पाठ फिरवली, हे खरे. वायरमनने मात्र कागद दोनदा वाचला, मिस्त्री आणून गाडी उचलून पाहिली आणि म्हणाला, "सर, क्लचचे तुम्ही सहा महिने लिहिलेत, मिस्त्री चारच म्हणतोय. दोन हजार कमी करा." केले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मिळून बदलीचे कागद भरायला बसलो, आणि एकही रकाना कोरा ठेवला नाही.